पंचेचाळीस दिवसांचं कलम, दोन दिवसांचा कायदा

वाचकाचा प्रश्न

महाराष्ट्रातल्या एका खासगी सेवा कंपनीत एचआर आणि प्रशासन ही दोन्ही कामं एकटीने सांभाळणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र. कंपनीत ७२ माणसं आहेत, एक मुख्य कार्यालय आणि एक छोटी शाखा. २०१९ मध्ये सल्लागाराकडून करून घेतलेली ५४ पानांची नियमपुस्तिका आजही तशीच चालू आहे. नुकताच एका सहकाऱ्याने राजीनामा दिला. अंतिम हिशेब ४५ दिवसांत होईल असं पुस्तिका सांगते, तर कायद्याप्रमाणे पगार दोन दिवसांत मिळायला हवा असं तो सांगतो. त्याचा शेवटचा दिवस होऊन १२ दिवस झाले आहेत. नव्या कामगार संहितांचे (जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार नव्या कायद्यांचे) नियम पूर्ण स्थिरावेपर्यंत कशालाही हात लावू नका, असं संचालकांचं मत आहे. मात्र ‘आता कायद्यात दहा तास झालेत, तर आपणही वेळ वाढवू’ हेही तेच सुचवतात. एका फर्मने तयार नवी पुस्तिका विकत देऊ केली आहे. वाचक विचारतात: पुस्तिका नव्याने लिहू, विकत घेऊ, की थांबू? आणि कायदा असाच बदलत राहिला, तर एकट्या माणसाने पुरं कसं पडायचं?

उत्तर

ताई, नमस्कार.

पुस्तिकेचं पुढे बघू, आधी त्या सहकाऱ्याचा पगार द्या. तो बरोबर बोलतोय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की काढून टाकलं, नोकरकपात केली, राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद झाल्याने काम गेलं, तर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. जुन्या वेतन प्रदान कायद्यातली दोन दिवसांची अट मालकाने काढून टाकलेल्या माणसापुरती होती, आणि ठरावीक वेतनमर्यादेच्या वर तो कायदाच लागू नसे. त्यामुळे राजीनाम्यानंतर तीस-पंचेचाळीस दिवस घ्यायची सवय बहुतेक कार्यालयांना लागली. आता वेतन देण्याबाबतची कलमं पगार कितीही असला तरी लागू आहेत. तुमच्या पुस्तिकेतली ४५ ची ओळ त्या माणसापुरती निरर्थक आहे. त्याने २०१९ मध्ये त्या पुस्तिकेवर सही केली असली, तरी कायद्याने दिलेला किमान हक्क सहीने सुटत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. दोन दिवसांची अट वेतनाला आहे. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. तेव्हा सगळ्या रकमा एकाच ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर बांधून कोणतीतरी एक अडली म्हणून बाकीच्या अडवायच्या, ही पद्धत मोडायला हवी. लॅपटॉप परत आला नाही म्हणून पगार थांबवणं हा याच पद्धतीचा भाग. कायद्याने मान्य केलेल्या कारणांसाठीच वेतनातून कपात करता येते आणि सगळ्या कपाती मिळून त्या पगारकाळातल्या वेतनाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. लॅपटॉप, ओळखपत्र, आगाऊ घेतलेल्या रकमा यांची यादी राजीनामा स्वीकारला त्याच दिवशी त्या माणसाच्या हाती द्या. म्हणजे शेवटच्या दिवशी शोधाशोध नको. दोन दिवस कमी वाटतात, कारण आपण मोजायला शेवटच्या दिवसापासून सुरुवात करतो. नोटिशीचा महिना हाताशी असतोच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. लिहू, विकत घेऊ की थांबू, या तिन्ही पर्यायांच्या मुळाशी एकच समजूत आहे: नियमपुस्तिका म्हणजे कायद्याची नक्कल, म्हणून कायदा बदलला की नक्कल बदलायची. हे तपासून बघा. ५४ पानं समोर घ्या, दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. कायद्यामुळे असलेलं प्रत्येक वाक्य एका रंगाने अधोरेखित करा: मातृत्व रजा, किमान रजा, पगाराची तारीख, लैंगिक छळाविरुद्धची समिती. कंपनीने स्वतःहून दिलेलं किंवा ठरवलेलं दुसऱ्या रंगाने: वाढदिवसाची सुट्टी, घरून काम, प्रवासखर्च, पेहराव. दोन्ही रंग एकाच वाक्यात आले, तर तिथे खूण करा. गोंधळ नेमका अशा जागी होतो. ‘वर्षाला १८ दिवस सर्वसाधारण रजा’ या वाक्यात कायद्याचे किती आणि कंपनीचे किती, हे २०१९ मध्ये कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणून आज कायदा बदलला की अठरा वाढवायचे, की ते आधीच पुरेसे आहेत, हे सांगता येत नाही.

या दोन रंगांना दोन वेगळे न्याय लागतात. कायदा हा किमान आहे. तो वर गेला की तुम्ही वर जायचंच, कुणाला विचारायची गरज नाही. कायदा खाली आला किंवा सैल झाला म्हणून तुम्ही आपोआप खाली येत नाही. कंपनीने जे जास्त दिलं आहे ती सेवाशर्त झाली, आणि ती कर्मचाऱ्याच्या तोट्याने बदलायची तर तिची स्वतःची वाट आहे.

तुमच्या संचालकांची दहा तासांची सूचना या दुसऱ्या न्यायात येते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ मध्ये दिवसाची मर्यादा ९ तास होती. २०२५ मधल्या बदलाने ती १० झाली, तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर गेली आणि कायदा लागू होण्यासाठीची कामगारसंख्या १० वरून २० झाली. आठवड्याची मर्यादा मात्र ४८ तासच राहिली. पाच दिवस दहा तास म्हणजे ५०. वरचे दोन तास ओव्हरटाइम, आणि त्याला दुप्पट दर. सहा दिवसांचा आठवडा असेल तर तो १२ तासांचा ओव्हरटाइम होतो. तेरा आठवड्यांच्या तिमाहीत १५६ तास भरतात, म्हणजे १४४ ची मर्यादाही मोडते. संचालकांसमोर हे गणित ठेवा, शब्दांपेक्षा लवकर पटेल.

आणि गणित जमलं तरी वाट सरळ नाही. कामाचे तास, विश्रांतीची वेळ, रजा, पाळ्या, भत्ते हे विषय औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यात ‘कामगारां’च्या बाबतीत बदल करायचा तर २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. इथे ‘कामगार’ म्हणजे फक्त यंत्रावरचा माणूस नव्हे. लिपिक आणि तांत्रिक काम करणारेही त्यात येतात. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय पदावरचे, तसंच महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक त्याबाहेर. ७२ जणांपैकी तुमच्याकडे बहुधा मोठा गट ‘कामगार’ ठरेल. पुस्तिकेत सरसकट ‘कर्मचारी’ असा एकच शब्द वापरलेला असतो आणि मग कुठलं कलम कुणाला लागू हे कळत नाही. पदांची यादी करून प्रत्येकासमोर हे एकदा ठरवून ठेवा. पदाच्या नावावर जाऊ नका, प्रत्यक्ष काम पाहा. ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हटलेल्या माणसाच्या हाताखाली कुणीच नसेल आणि तो दिवसभर नोंदी करत असेल, तर नाव काहीही असो, तो कामगार ठरू शकतो.

‘नियम येईपर्यंत थांबू’ हे मत मी सरळ चूक म्हणणार नाही. त्यात अर्धं तथ्य आहे, आणि ते अर्धं कुठलं हे शोधायची एक सोपी युक्ती आहे. संहितेचं कलम उघडा आणि त्यात ‘विहित केल्याप्रमाणे’ हे शब्द आहेत का पाहा. असतील, तर तो तपशील नियमांतून येतो: नमुना कोणता, नोंदवही कशी, अर्ज कुठे. तिथे थांबणं योग्य, आणि तोवर जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तिथपर्यंत चालू राहतात. ते शब्द नसतील आणि कलमातच आकडा किंवा मुदत असेल, तर थांबण्याला आधार नाही. दोन दिवसांची मुदत अशी आहे. ठरावीक मुदतीवर नेमलेल्या माणसाला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी, हेही तसंच. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र, आणि ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत, हेही तसंच; त्याचा नमुना तेवढा नियमांतून येतो. हे तीन विषय आजच्या आज तपासा. सफाई, सुरक्षा, चहापाणी सांभाळणारी जी माणसं थेट कंपनीच्या पगारावर आहेत, त्यांच्याकडे नेमणूकपत्र आहे का हे सगळ्यात आधी पाहा. राहून जातात ती हीच माणसं.

नियम कुणाचे, हाही प्रश्न येतो. बँका, रेल्वे, खाणी, मोठी बंदरं यांसारख्या आस्थापनांसाठी केंद्र सरकार ‘समुचित शासन’, म्हणजे नियम करणारं सरकार, असतं. तुमच्यासारख्या खासगी कंपनीसाठी ते राज्य सरकार. केंद्राचे नियम वाचून पुस्तिका बदलायला धावू नका.

वेतनाच्या व्याख्येवर थोडं जास्त थांबते, कारण पैशांचा फरक इथे सगळ्यात मोठा आहे आणि पुस्तिकेत तो दिसतही नाही. चारही संहितांत वेतनाची व्याख्या आता एका धाटणीची आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता (काम नसलेल्या काळात माणूस टिकवून ठेवण्यासाठी दिलेला) वेतनात येतात. घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम, बोनस, मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा अशी वगळायच्या गोष्टींची यादी दिली आहे. पण वगळलेल्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा. उदाहरण घ्या. महिन्याचा मोबदला ४०,०००. त्यात मूळ वेतन १४,०००, घरभाडे १४,०००, वाहतूक ६,०००, कमिशन ६,०००. वगळलेलं एकूण २६,०००, निम्मे होतात २०,०००, म्हणून ६,००० वेतनात परत आले आणि वेतन ठरलं २०,०००. आता सहा वर्षांची ग्रॅच्युइटी काढा: वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले ६. जुन्या सवयीने १४,००० धरलं तर ४८,४६२ रुपये, बरोबर धरलं तर ६९,२३१ रुपये. एका माणसामागे जवळजवळ २१ हजारांचा फरक.

त्या यादीत ‘स्पेशल अलाउन्स’ असं नाव कुठेच नाही, हेही बघून ठेवा. बऱ्याच कंपन्यांत पगारपत्रकावरचा सगळ्यात मोठा आकडा त्या रकान्यात असतो, आणि तो ‘मूळ वेतन नाही’ म्हणून ग्रॅच्युइटीतून बाहेर ठेवला जातो. नव्या व्याख्येत नाव बदलून रक्कम बाहेर काढता येत नाही. या एका विषयासाठी कामगार कायद्याच्या वकिलाचा एक तास विकत घ्या. सगळ्यांचं पगारपत्रक नेऊ नका. तुमच्याकडे वेतनाचे जे तीन-चार साचे असतील, त्यातला एकेक नमुना नेऊन विचारा: या साच्यात वेतन किती धरायचं, कशासाठी, आणि कोणत्या तारखेपासून? उत्तर लेखी घ्या.

रजेचंही तसंच. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये वर्षात १८० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे, आणि ३० दिवसांपर्यंत ती पुढे नेता येते. राज्याच्या दुकाने कायद्यात २४० दिवसांची अट आहे, प्रमाण तेच, पण साठवण ४५ दिवसांपर्यंत. शिवाय ८ दिवस नैमित्तिक रजा आणि ८ भरपगारी सणांच्या सुट्ट्या, ज्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या. दोन कायदे एकाच विषयावर वेगळे आकडे देत असतील, तर पुस्तिकेत माणसाला जास्त देणारा आकडा धरावा असा माझा सल्ला आहे: पात्रतेसाठी १८०, साठवणीसाठी ४५. कोणता कायदा वरचढ यावर कागदोपत्री भांडण्याला लागणारा वेळ आणि खर्च या काही दिवसांच्या रजेपेक्षा जास्त आहे.

आता त्या ५४ पानांत नक्की सापडतील अशा चार जागा सांगते. जुन्या सल्लागारांच्या साच्यांत त्या हमखास असतात.

पहिली, ‘तीन वेळा उशीर म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाईल’. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. दहा-दहा मिनिटं तीनदा उशीर झाला तर तीस मिनिटांचे पैसे कापता येतील, चार तासांचे नाही. शिस्तीसाठी दंड लावायचा असेल तर तो वेगळा विषय. त्याला माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, पगारकाळातले सगळे दंड मिळून वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता येत नाहीत आणि ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाहीत. ताई, हे कलम आजच काढा. दर महिन्याला ते कुणाच्या ना कुणाच्या पगाराला चावत असतं.

दुसरी, लैंगिक छळाविरुद्धची समिती. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती लेखी आदेशाने नेमावी लागते. सदस्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसते. पुस्तिका २०१९ ची म्हणजे त्या वेळी नेमलेली समिती २०२२ मध्येच संपली. पुस्तिकेत नावं छापलेली असतील, भिंतीवर फलक असेल, पण समिती अस्तित्वात नाही. तक्रार आली तर चौकशी पहिल्याच पायरीवर कोसळेल, आणि तक्रार करणाऱ्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल. हे टाळायलाच हवं. नवा लेखी आदेश काढा: अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य, एक बाहेरची सदस्य, आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. बाहेरच्या सदस्यांना फोन करून त्या अजून तयार आहेत का विचारा. शाखेत दहा माणसं असतील तर तिथे वेगळी समिती लागते. मुख्य कार्यालयाची समिती तिकडेही चालते ही समजूत चुकीची आहे. पुस्तिकेत मुदती तपासा: तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, कारण पटलं तर आणखी तीन महिने, चौकशी ९० दिवसांत, अहवाल पुढच्या १० दिवसांत, मालकाची कारवाई ६० दिवसांत. ‘तडजोडीत भरपाई देऊन प्रकरण मिटवता येईल’ असं कुठे असेल तर खोडा. समेट पैशांवर होऊ शकत नाही. वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्यांकडे जातो का, हेही बघून घ्या.

तिसरी, मातृत्व. २०१७ च्या सुधारणेने रजा २६ आठवडे झाली आणि हयात असलेली दोन मुलं असतील तर पुढच्या वेळी १२. पुस्तिका त्यानंतरची असली तरी आतला मजकूर त्याआधीच्या साच्यातून आलेला असू शकतो. पात्रता मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. ‘एक वर्ष नोकरी पूर्ण हवी’ असं वाक्य दिसलं तर ते बेकायदा आहे. आणि तुम्ही ७२ आहात, म्हणजे ५० च्या वर. पाळणाघराची सोय तुम्हाला लागू आहे, इतरांबरोबर सामायिक असली तरी चालते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं.

चौथी, तक्रार निवारण. वीस किंवा जास्त कामगार असतील तर औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तक्रार निवारण समिती लागते, जास्तीत जास्त दहा सदस्य, दोन्ही बाजूंचे समान. ‘तक्रार असल्यास एचआरला भेटा’ एवढं पुरत नाही.

या चौथ्या मुद्द्यात एक गोष्ट दडली आहे, जी कायद्यातल्या बदलांइतकीच महत्त्वाची. कायदा अजिबात न बदलता तुम्हाला नवा कायदा लागू होऊ शकतो, फक्त माणसं वाढल्यामुळे. दहा झाली की लैंगिक छळविरोधी समिती आणि कर्मचारी राज्य विमा, वीसला भविष्यनिर्वाह निधी आणि तक्रार समिती, पन्नासला पाळणाघर, तीनशे कामगार झाले की स्थायी आदेश, म्हणजे सेवाशर्तींचे प्रमाणित लेखी नियम. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला माणसांची संख्या लिहून ठेवा: मुख्य कार्यालय, शाखा, कंत्राटी, ठरावीक मुदतीचे, प्रत्येक वेगळं. एका ओळीचं काम आहे.

तर पुस्तिका नव्याने लिहायची का? सगळी नको. विकत घ्यायची का? तेही नको. विकतच्या पुस्तिकेत कायद्याचा मजकूर बरोबर असला, तरी तुमच्या कंपनीने गेल्या सहा-सात वर्षांत काय काय दिलं आहे हे तिला ठाऊक नसतं. ती लागू केली की कुठलीतरी जुनी सवलत नकळत गळते, आणि मग २१ दिवसांच्या सूचनेचा वाद उभा राहतो. साचा संदर्भाला वापरा, बदली म्हणून नको.

मी सुचवेन ते असं. पुस्तिकेच्या मुख्य भागात तत्त्व आणि पद्धत ठेवा, आकडे सगळे शेवटच्या परिशिष्टात न्या. ‘भरपगारी रजा परिशिष्टातल्या दराने जमा होईल. लागू कायद्यातला दर जास्त असेल तर तो लागू राहील.’ नुसतं ‘कायद्याप्रमाणे’ लिहून सोडू नका. रजा किती, हे जाणून घ्यायला माणसाला राजपत्र उघडावं लागत असेल तर पुस्तिका कुणासाठी आहे? परिशिष्ट दोन-तीन पानांचं असेल आणि बदललं की तेवढंच बदलेल. त्याच्या माथ्यावर आवृत्ती क्रमांक आणि ‘या तारखेपासून लागू’ हे असू द्या. जुनी आवृत्ती कधीही पुसू नका. २०२४ मधल्या घटनेचा वाद २०२७ मध्ये आला, तर २०२४ चा नियम काय होता तेच विचारलं जाईल.

जोडीला एक तक्ता करा, जो फक्त तुमच्यासाठी. प्रत्येक आकड्याची एक ओळ: विषय, पुस्तिकेतलं कलम, कुठल्या कायद्यामुळे, कुणाला लागू, आकडा, कधीपासून, शेवटचं कधी तपासलं. आणि सगळ्यात मोलाचा रकाना: हा आकडा आणखी कुठे कुठे आहे. कारण आकडा कधीच एका ठिकाणी राहत नाही. पुस्तिकेत असतो, नेमणूकपत्राच्या साच्यात असतो, पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, रजेच्या ॲपमध्ये असतो, शाखाप्रमुखाच्या डोक्यात असतो. पुस्तिका सुधारली आणि सॉफ्टवेअर तसंच राहिलं, तर चूक दुप्पट होते, कारण आता तुमच्या स्वतःच्या लेखी नियमाविरुद्ध पगार निघतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय करातून सूट आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती मर्यादा बदललेली आहे का, एकदा उघडून पाहा.

बातम्यांचं काय? कायद्याच्या आयुष्यात चार वेगळ्या तारखा असतात: विधेयक मांडलं, मंजूर झालं, लागू झालं, नियम आले. तुम्हाला बांधते ती लागू झाल्याची. वेतन संहिता २०१९ ची, बाकी तिन्ही २०२० च्या, पण सगळ्या लागू झाल्या नोव्हेंबर २०२५ मध्ये. मधल्या पाच वर्षांत ‘पुढच्या महिन्यापासून’ असे संदेश कितीदा फिरले असतील. संदेश आला की अधिसूचनेचा क्रमांक मागा, नाहीतर राजपत्रात स्वतः शोधा. महिन्यातून एकदा, पगार झाल्यानंतरच्या आठवड्यात, दीड तास यासाठी बांधून ठेवा: राज्याच्या कामगार विभागाचं आणि केंद्राच्या श्रम मंत्रालयाचं संकेतस्थळ, दोन्ही राजपत्रं. बदल सापडला तर तक्त्यात नोंद, नाही सापडला तर ‘तपासलं, बदल नाही’ अशी तारीखवार नोंद. ही दुसरी नोंद निरुपयोगी वाटते, पण पुढे कुणी विचारलं तर कंपनी लक्ष ठेवून होती याचा पुरावा तीच असते.

एकटीने किती पुरं पडायचं, असं तुम्ही विचारलंत. सगळं एकटीने नाही. पगाराचे आकडे लेखाविभागाकडे, शाखेतली समिती आणि फलक शाखाप्रमुखाकडे, रजेचं ॲप ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे. तक्त्यात त्यांची नावं लिहा आणि संचालकांची त्यावर सही घ्या. सही यासाठी की उद्या तुम्ही रजेवर असाल तेव्हा ‘हे तर ताई बघतात’ असं कुणी म्हणू नये.

क्रमाने सांगायचं तर या आठवड्यात सहकाऱ्याचा पगार, उशिराच्या कपातीचं कलम थांबवणं आणि समितीचा नवा आदेश. पुढच्या दोन आठवड्यांत नेमणूकपत्रं आणि वकिलाकडचा एक तास. दोन रंगांच्या पेन्सिलीचं काम रोज पाच पानं केलं तर अकरा दिवसांत होतं. परिशिष्ट त्यानंतर. बदल जाहीर करताना पूर्ण पुस्तिका ईमेलने पाठवू नका, कुणी वाचत नाही. एका पानावर मराठीत लिहा: आधी काय होतं, आता काय, कधीपासून, शंका कुणाला विचारायची. ज्यांच्याकडे कार्यालयाचा ईमेल नाही त्यांना ते पान हातात द्या आणि बसून वाचून दाखवा.

आणि त्या सहकाऱ्याला पगारासोबत दोन ओळींचं पत्र पाठवा: उशीर झाला, आमचं कलम जुनं होतं, आता बदललं आहे. गेलेल्या माणसाला हे कळवायला कायदा सांगत नाही, पण कार्यालयात उरलेल्या ७१ जणांपैकी बरेच जण त्याच्याशी अजून बोलत असतील.